ग्रंथपेटी आता मोबाइलमध्ये!

महाराष्ट्रापासून दूर, भिलाईसारख्या पोलादनगरीत मराठी पुस्तक मिळवायचं तरी कुठून? पुस्तक कदाचित मागच्या गल्लीतल्याच एखाद्या कपाटात असेल. ते शोधून देणारं साधनही आज घरोघरी आहे. वाचनालयांनी ते हाती घेतलं, तर काय काय होऊ शकतं?

भिलाई म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या धगधगत्या झोतभट्ट्या आणि रुळांच्या राशी. देशातल्या आगगाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतला फार मोठा वाटा या गावचा. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या मुलखात एक नवंकोरं शहर उभं राहिलं. सेक्टरांनी आखलेलं, कारखान्याच्या भोंग्यावर चालणारं. मल्याळी आले, तेलुगू आले, बंगाली, पंजाबी, उडिया आले. भिलाईला ‘लघु भारत’ म्हणतात ते उगाच नाही.

या लघु भारतात मराठी माणूसही आला. विदर्भ तर शेजारीच. नागपूरला गाडीत बसलं की चार-पाच तासांत दुर्ग! पण छत्तीसगडातला सगळाच मराठी माणूस काही कारखान्याबरोबर आलेला नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात इथवर पोचली होती. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. पुढं इंग्रजी अमलात आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. त्यामुळं रायपूर, बिलासपूर, राजनांदगाव, दुर्ग इथली काही मराठी घराणी चांगली पाच-सात पिढ्यांची आहेत. १९०० साली पेंड्रासारख्या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषेचे. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं तेही त्यांनीच. छापील अक्षराचं वेड या मातीत नवं नाही, एवढाच यातला मुद्दा.

पण वेड असून पुरत नाही, पुस्तक हाताशी लागतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारखी गल्ली भिलाईत नाही. सुट्टीत माहेरी गेलेली सून परतताना पिशवीतून चार पुस्तकं आणते, कोणी आझाद हिंद एक्सप्रेसनं पुण्याहून येताना दिवाळी अंक घेऊन येतो, कोणी गीतांजलीनं मुंबईहून. अशी चाळीस-पन्नास वर्षं पुस्तकं साठत गेली, की घराघरांत छोटी छोटी ग्रंथालयं तयार होतात. त्यांची यादी मात्र कुठंच नसते. एका सेक्टरातल्या आजींकडं जी कादंबरी तीन प्रतींत पडून आहे, तीच दुसऱ्या सेक्टरातल्या कोणाला तरी हवी असते आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नसतो.

आणि मग येते ती निवृत्ती. कंपनीचं क्वार्टर सोडायचं म्हणजे पसारा आवरायचा. मुलगा बंगळुरूला, मुलगी परदेशी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये लोखंडी कपाट मावत नाही. भांडी वाटली जातात, फर्निचर विकलं जातं. पुस्तकांना गिऱ्हाईक सापडत नाही. ती रद्दीच्या काट्यावर चढतात. बरं, रद्दीवाल्याला तरी मराठी आणि हिंदी काय, वजन सारखंच!

ही गळती थांबवायला इमारत लागत नाही. आधी लागते ती माहिती, कोणाकडं काय आहे याची. नेमकी इथंच समाजमाध्यमं कामाला येतात.

सयाजीरावांची पेटी, नाशिकची पेटी

पुस्तकानं वाचकाच्या दारी जावं, ही कल्पना मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून आले आणि १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. त्यातून फिरत्या ग्रंथालयाचा विभाग उभा राहिला. भक्कम लाकडी पेट्यांत पुस्तकं भरायची आणि गावोगाव पाठवायची. वाहतुकीचा खर्च संस्थानचा! गावातल्या शिक्षकानं नाहीतर एखाद्या जबाबदार माणसानं पेटी सांभाळायची, लोकांना पुस्तकं द्यायची, वाचून झाली की पेटी परत आणि दुसरी हजर.

शंभर वर्षांनी हीच पेटी नाशिकला नव्यानं अवतरली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. एका पेटीत पंचवीस पुस्तकं. सोसायटीतल्या, गल्लीतल्या तीसपस्तीस कुटुंबांचा एक गट. त्यांच्यातलंच कोणीतरी पेटी घरी ठेवून घेतं. वाचकानं एक पैसाही द्यायचा नाही. पुस्तकांचा खर्च भागतो तो देणग्यांतून. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा आईवडिलांच्या स्मृतीप्रीत्यर्थ लोक पेटीसाठी पैसे देतात. काही महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्याकडं जाते आणि दुसऱ्याची पहिल्याकडं येते. २०१४ मध्ये ही पेटी दुबईला गेली आणि तिथून इतर देशांतल्या मराठी घरांपर्यंत पोचत राहिली. तुरुंगात आणि इस्पितळांतही गेली.

या योजनेत खरी कामगिरी कोण करतं? पुस्तकं तर करतातच, पण त्याहून जास्त तो पस्तीस घरांचा गट. पेटीच्या निमित्तानं शेजारीण दार वाजवते, ‘ती कादंबरी झाली का वाचून?’ विचारते. म्हणजे मोबाइलवरच्या ज्या गटांना आपण हल्ली नावं ठेवतो, तसाच हा गट. फरक इतकाच, की यांच्या मध्यभागी शुभेच्छांचं चित्र नसतं, पुस्तक असतं. अशा पेटीला मोबाइलची जोड देणं म्हणजे दोन भिन्न गोष्टींची मोट बांधणं नव्हे. एकाच गोष्टीचे ते दोन हात आहेत.

वाचकाला जे ठाऊक, ते ग्रंथपालाला नाही

समाजमाध्यम म्हटलं की बहुतेक वाचनालयं काय करतात? फेसबुकवर पान उघडतात, उद्घाटनाचे फोटो टाकतात. मान्यवर, पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन. खाली चार अंगठे उमटतात आणि पान झोपी जातं. हा झाला सूचनाफलक. फलक दाराशीही होताच की! या साधनांची खरी गंमत अशी, की वाचक उलट बोलू शकतो.

त्याचा फायदा किती मोठा, हे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००८ साली अनुभवलं. त्यांच्याकडं हजारो जुने फोटो होते. अनेकांखाली धड नाव नव्हतं, गाव नव्हतं. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी ‘फ्लिकर’ या फोटोंच्या संकेतस्थळावर तीन हजारांहून अधिक फोटो सर्वांसाठी खुले केले आणि लोकांना सांगितलं, तुम्हाला काही ठाऊक असेल तर लिहा. दहा महिन्यांत ते फोटो एक कोटीहून अधिक वेळा पाहिले गेले आणि सात हजारांहून जास्त शेरे आले. कोणी इमारत ओळखली, कोणी माणूस, कोणी प्रसंग. त्या माहितीची शहानिशा करून ग्रंथालयानं आपल्या सुमारे पाचशे नोंदी सुधारल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एकाला सामान्य माणसानं शिकवलं म्हणायचं!

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं तर याहून पुढची मजल मारली. जुनी वर्तमानपत्रं यंत्रानं वाचून संगणकावर चढवताना अक्षरांचा गोंधळ उडतो. २००८ पासून त्यांनी तो दुरुस्त करण्याचं काम वाचकांवरच सोपवलं. कोणाला पगार नाही, कोणावर सक्ती नाही. तरी लोकांनी कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या. कोणी आजोबांचं नाव शोधता शोधता, तर कोणी निव्वळ विरंगुळा म्हणून.

भिलाईत असं काही करायचं तर सामग्री काय कमी आहे? पहिल्या पिढीच्या घरांतून रशियन तंत्रज्ञांबरोबरचे फोटो निघतील, सेक्टरातल्या पहिल्या गणेशोत्सवाचे निघतील. हळदीकुंकवाचे, नाटकाच्या तालमींचे आणि शाळेच्या पहिल्या तुकडीचेही निघतील. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं साल पुसट झालेलं. फोटोतल्या बाराजणांपैकी तिघांची नावं एका घराला ठाऊक, उरलेली दुसऱ्याला. वाचनालयानं आठवड्याला एक असा फोटो आपल्या पानावर टाकून ‘ओळखा पाहू’ म्हटलं, तर निवृत्त होऊन पुण्याला, नागपूरला, नाहीतर न्यू जर्सीला गेलेला भिलाईकरही धावत येईल. आठवणी सांगणारी पिढी ऐंशीच्या घरात आहे. हे काम दहा वर्षांनी करू म्हणून चालणार नाही.

व्हॉट्सॲपचं वाचनालय कसं चालेल?

आता मुद्द्याचं बोलू. संकेतस्थळ, ॲप वगैरेंच्या नादी छोट्या वाचनालयानं किंवा मराठी मंडळानं सुरुवातीला लागूच नये. घरातल्या आजोबांपासून कॉलेजातल्या नातीपर्यंत सगळ्यांना वापरता येतं ते व्हॉट्सॲप.

पहिलं काम यादीचं. यादी करायची म्हटली की लोकांच्या अंगावर काटा येतो. पण कपाटातल्या एकेका कप्प्याचा, पुस्तकांचे कणे दिसतील असा फोटो काढायला किती वेळ लागतो? दहा कप्पे, दहा फोटो. कॉलेजात जाणारी दोन मुलं बसली की त्या फोटोंवरून रविवारच्या एका दुपारी तक्ता तयार होतो. पुस्तकाचं नाव, लेखक, कोणाकडं आहे, आत्ता कुठं आहे. गूगलच्या तक्त्यात हे फुकट होतं आणि मोबाइलवर सगळ्यांना पाहता येतं. पुढं पुस्तकं हजारांच्या घरात गेली, तर ‘कोहा’ नावाची ग्रंथालयासाठीची संगणकप्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या भागातल्या ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० सालापासून तिथं वापरात आली. ती सर्वांना मोफत मिळते. कोहा हा तिथल्या माओरी भाषेतला शब्द. अर्थ, भेट! पण कोहा चालवायला जाणकार माणूस लागतो. सुरुवात तक्त्यानंच बरी.

दुसरं काम बोलण्याचं. ‘दर शनिवारी ग्रंथालय उघडे राहील’ असा निरोप गटावर टाकला की काम झालं, असं समजणारे पुष्कळ. त्याऐवजी रोज एका पुस्तकाचं मुखपृष्ठ टाकून त्याबरोबर ते आधी वाचलेल्याच्या दोन ओळी द्याव्यात. जुन्या वाचनालयांत पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असे. ती भरलेली दिसली की नवा वाचक हमखास ते पुस्तक उचलायचा. इतक्यांनी नेलं म्हणजे काहीतरी असणार! या दोन ओळी म्हणजे आजची तारखांची चिठ्ठी. लिहायचा कंटाळा असेल, तर मिनिटभराचा आवाजी निरोप द्यावा. ‘पहिली पन्नास पानं कंटाळा आला, पण सोडू नका’ हे शेजारच्या काकूंच्या आवाजात ऐकलं की त्याची सर कोणत्या परीक्षणाला येणार?

‘गुडरीड्स’ आणि ‘लायब्ररीथिंग’ ही परदेशी संकेतस्थळं याच तत्त्वावर चालतात. वाचकच पुस्तकांना लेबलं लावतात. ग्रंथपालाच्या वर्गवारीत पुस्तक ‘कादंबरी’ असतं. वाचकाच्या लेबलात ते ‘प्रवासात वाचायचं’, ‘सासूबाईंना आवडेल’, ‘इस्पितळात नेऊ नये’ असं असू शकतं. मराठीत ही लेबलं लावायला कोणाची परवानगी लागणार आहे?

आणि काही पथ्यं. ती पाळली नाहीत, तर गट महिन्याभरात ओस पडतो. पहिलं पथ्य सुप्रभातच्या फुलांचं. ती एकदा शिरली की पुस्तकं बुडतात. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे दोन गट. एकात फक्त वाचनालयानं लिहायचं, दुसऱ्यात सर्वांनी. दुसरं पथ्य जास्त महत्त्वाचं आणि त्याकडं सर्रास दुर्लक्ष होतं. कोणी कोणतं पुस्तक नेलं, हे गटावर कधीही जाहीर करू नये. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते, एखादा बाप मुलाच्या व्यसनावरचं. वाचकाचं वाचन हे त्याचं खासगी. परत न आलेल्या पुस्तकाची आठवण त्याला एकट्यालाच द्यावी. तक्त्यात ‘कोणाकडं’ या रकान्यातही नावाऐवजी सभासद क्रमांक पुरे. फोन नंबरांचंही तसंच. गटात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि ते अनेक स्त्रियांना नको असतं. नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर व्हॉट्सॲपचं ‘चॅनल’ वापरता येतं, त्यात अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

डोंबिवलीत पुंडलिक पै यांच्या फ्रेंड्स लायब्ररीनं १९८६ पासून सुरुवात करून पुढं इंटरनेटवरून पुस्तक निवडायची आणि ते घरपोच मिळवायची सोय केली. तिथले पुस्तक आदान-प्रदान मेळावेही गाजले. आपलं वाचलेलं पुस्तक आणायचं, दुसऱ्याचं न्यायचं. हे वाचनालय खासगी आहे, वर्गणीवर चालणारं. डोंबिवलीत मराठी वाचकही पावलोपावली. भिलाईत माणसं विरळ, म्हणून तर तिथं मोबाइलची गरज अधिक.

पु.लं.च्या नावावर काहीही!

ग्रंथपालाचं एक काम हल्ली सगळे विसरले आहेत. विचारलेल्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर देणं. आज याची जितकी गरज आहे, तितकी पूर्वी कधीच नव्हती. मोबाइलवर रोज काय काय येतं! पु.लं.च्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेले विनोद, कुसुमाग्रजांच्या नावावर भलत्याच कोणाच्या कविता, वपुंच्या नावावर सुविचार. खाली नाव मोठं असलं की कोणी शंका घेत नाही. शाळेतली मुलं तेच भाषणात म्हणतात, आणि पुढच्या वर्षी ते स्मरणिकेत छापून येतं.

इथं वाचनालयानं मैदानात उतरावं. ‘ही कविता खरंच त्यांची का?’ असा प्रश्न गटावर आला, की ग्रंथपालानं किंवा एखाद्या जाणत्या वाचकानं संग्रह उघडून पाहायचं. सापडली तर संग्रहाचं नाव आणि पान सांगायचं. नाही सापडली तर ‘आमच्याकडच्या संग्रहांत नाही’ एवढंच म्हणायचं. छातीठोक नकार देण्याची घाई नको. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आता इंटरनेटवर वाचायला मिळतात, मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. विकिपीडियावर तर २०१६ पासून जगभरच्या ग्रंथपालांसाठी एक मोहीमच चालते. दरवर्षी प्रत्येक ग्रंथपालानं विकिपीडियावरच्या किमान एका विधानाला पुस्तकाचा आधार जोडून द्यायचा. भिलाईवरच्या, दुर्गवरच्या, बिंबाजी भोसल्यांवरच्या मराठी नोंदींत भर घालायला छत्तीसगडातल्या मराठी वाचकाइतका योग्य माणूस दुसरा कोण?

फुकट पीडीएफचा मोह

पुस्तकांचा गट म्हटला की आठवड्याभरात कोणीतरी उत्साहानं दोनशे पुस्तकांच्या पीडीएफ टाकतंच. ‘घ्या, सगळं फुकट!’ हा उपद्व्याप वाचनालयाच्या नावानं होऊ देऊ नये. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं पुस्तकाचे हक्क वारसांकडं किंवा हक्कदारांकडं राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क २०१० अखेर संपले, आणि २०११ पासून ती कोणालाही छापता, वाचून दाखवता, मोबाइलवर देता येतात. पु.ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या पुस्तकांना २०६० अखेरपर्यंत हात लावायचा नाही. कागदी पुस्तक मात्र कोणाचंही असो, ते एकमेकांना वाचायला देण्यात काहीच गैर नाही. मराठी लेखकाला आणि प्रकाशकाला आधीच मिळतं किती? त्यात पुन्हा आपल्याच वाचनालयानं हात मारायचा!

हक्कमुक्त पुस्तकंही थोडीथोडकी नाहीत. हरिभाऊ आपटे, गडकरी, बालकवी, साने गुरुजी. मराठी ‘विकिस्रोत’वर अशी कितीतरी पुस्तकं स्वयंसेवकांनी अक्षर न् अक्षर तपासून चढवली आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. त्यांनीही आपल्याकडची दुर्मीळ पुस्तकं संगणकावर उतरवून लोकांना वाचायला खुली केली. भिलाईतल्या एखाद्या पेटाऱ्यात १९२० सालचं पुस्तक निघालं, तर ते अशा ठिकाणी आहे की नाही, हे आधी पाहावं. नसेल, तर ते रद्दीत घालणं हा गुन्हाच म्हणावा लागेल.

नातवंडांना ‘ळ’ शिकवायचा आहे

हे सगळं आजी-आजोबांपुरतंच का? तिसऱ्या पिढीचं काय? ती शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकते. मित्रांशी हिंदी बोलते, कधी छत्तीसगडीही. घरात मराठी कानावर पडतं, पण वाचायचं म्हटलं की ‘मला नाही येत’.

खरं तर भिलाईतल्या मुलाला मराठी वाचता येतं, फक्त त्याला ते माहीत नसतं! हिंदीची आणि मराठीची लिपी एकच, देवनागरी. अमेरिकेतल्या मराठी मुलाला ‘अ आ इ’पासून सुरुवात करावी लागते. भिलाईच्या मुलाला फार तर ‘ळ’ नवा. जिभेवर बसत नाही तो आणि ‘च’, ‘ज’चे दोन दोन उच्चार. त्याला अडवतात ते शब्द. आणि शब्द कानानं येतात.

म्हणून आजींचा आवाज हवा. रोज रात्री पाच मिनिटं. एखाद्या आजींनी ‘श्यामची आई’मधली एकेक रात्र मोबाइलवर वाचून गटावर टाकावी. पुस्तक हक्कमुक्त, त्यामुळं परवानगीचा प्रश्न नाही. सोबत त्या पानाचा फोटो. मूल ऐकता ऐकता ओळीवर बोट फिरवतं. आवाज मुद्दाम स्टुडिओतला नसावा. मागं कुकरची शिट्टी ऐकू आली तर आलीच! न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१८ साली इन्स्टाग्रामवर ‘ॲलिस इन वंडरलँड’ पानापानांनी, हलत्या चित्रांसह दिलं. जी पिढी बोटानं पडदा सरकवते, तिच्या बोटाखालीच त्यांनी पुस्तक सरकवलं. आपल्याला तेवढी चित्रं जमणार नाहीत. पण आजी त्यांच्याकडं नव्हती.

मुलांकडूनही काम घ्यावं. कपाटांचे फोटो त्यांनी काढावेत, तक्ता त्यांनी भरावा. पुस्तकाचं नाव टंकताना ते वाचावं लागतं, ही आपोआप होणारी शिकवणी. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०१५ पासून तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. तो किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे मुहूर्त म्हणून चांगले. एरवी त्या दिवशी भाषणं होतात, त्याऐवजी पन्नास कपाटांचे फोटो निघाले तर?

अडचणी आहेतच

सर्वांत मोठी अडचण माणसाची. गट सुरू करणारा उत्साही गृहस्थ तीन महिन्यांत दमतो. नाहीतर बदली होते, नातू होतो, डोळ्यांचं ऑपरेशन निघतं. मग गट अनाथ. म्हणून सुरुवातीलाच तिघांनी मिळून चालवावा आणि दिवसातून अर्धा तास यापलीकडं कोणी त्यात गुंतू नये. चौघांनाही पुस्तक मिळत नसेल आणि गटावर चारशे निरोप येत असतील, तर ते वाचनालय कशाचं?

सरकारकडं बघायचं का? छत्तीसगडचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा २००८ सालचा, महाराष्ट्राचा १९६७ सालचा. रायपूरला नालंदा परिसर हे मोठं, रात्रंदिवस उघडं राहणारं ग्रंथालय २०१८ मध्ये झालं. तिथं प्रामुख्यानं स्पर्धापरीक्षांची मुलं अभ्यासाला बसतात. देशभरच्या वाचनालयांची आज तीच गत आहे. अभ्यासिका भरलेली, कादंबऱ्यांचं कपाट बंद. त्या मुलांनाही कोणती जागा रिकामी आहे, कोणतं पुस्तक आलं हे मोबाइलवर कळायला हवंच. पण छत्तीसगडातल्या सरकारी ग्रंथालयात मराठी कादंबऱ्या कोण घेऊन ठेवणार? ते काम मराठी माणसांचं. साहित्य महामंडळाशी जोडलेली छत्तीसगड मराठी साहित्य परिषद बिलासपुरात आहे, गावोगावी मराठी मंडळं आहेत. गणपतीच्या वर्गणीतून शंभर पुस्तकांची पेटी सहज होते.

ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ सालीच बजावून ठेवलं होतं, की प्रत्येक पुस्तकाचा कोणीतरी वाचक असतोच. फक्त त्यांची गाठ घालून द्यावी लागते. नागपूर, भिलाई, रायपूर, बिलासपूर या चार गावांच्या याद्या एका तक्त्यात आल्या, तर ही गाठ घालणं सोपं होईल. मग पुस्तक जाईल कसं? ओळखीचं कोणी गाडीनं जात-येत असतं, ही आपली जुनी पद्धत. आणि टपालखातं आहे. पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा छोटे प्रकाशक आणि वाचनालयं हवालदिल झाली होती. १ मे २०२५ पासून टपालखात्यानं त्याऐवजी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. सुरुवातीचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुडक्यावर ‘ज्ञान पोस्ट’ असं ठळक लिहायचं आणि आत जाहिरातीचा कागद घालायचा नाही. पाच किलोंत साधारण पंधरा कादंबऱ्या बसतात.